गावातली बाग घेऊन बदल्यात दोन तुकडे देतायत : तीन मिनिटांत काय बोलू?

जर्सीकर

मंडळी, सल्ला हवाय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावात आम्ही अकरा वर्षं राहतोय. घरापासून चालत सहा मिनिटांवर साडेचार एकरांची बाग आहे. ताटवे-कारंजी असलं काही नाही. एक उतार, पाचसहा जुने मेपल, झोपाळे आणि तीन बाकं. १९५० च्या दशकात एका शेतकरी बाईंनी ही जमीन गावाला बक्षीस दिली आणि बक्षीसपत्रात लिहून ठेवलं की ही जमीन कायम सार्वजनिक बाग म्हणूनच ठेवायची. ते वाक्य फाटकापाशी एका दगडावर कोरलंय.

आता गावाला तिथे नवं अग्निशमन केंद्र बांधायचंय. बदल्यात दोन जागा देतायत. एक हायवेपलीकडे पाण्याच्या टाकीजवळ सव्वातीन एकर, दुसरी ओढ्याकाठी अडीच एकर. म्हणजे सव्वा एकराचा फायदाच. तसा रंगीत तक्ता छापून घरोघरी वाटलाय.

मी केंद्राच्या विरोधात नाही. जुनं केंद्र खरंच अडचणीचं आहे, बंब आत घेताना दोन्हीकडची रहदारी थांबवावी लागते. पण तक्ता बघून पोटात काहीतरी ढवळलं. पुढच्या महिन्यात जाहीर सुनावणी आहे, माणशी तीन मिनिटं. काय बोलू? की गप्प बसू?

बटाटेभात

३.२५ + २.५ − ४.५ = १.२५. गणित बरोबर आहे. बाकी मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दादरकर

बेरीज बरोबर असते, घोळ व्याख्येत असतो. आम्हा गिरणगावकरांना विचारा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, असं होतं. जमीन होती सुमारे ६०० एकर. २००१ साली दुरुस्ती झाली आणि हे तृतीयांश फक्त 'रिकाम्या' जमिनीचे मोजायचे ठरले. जिथे शेड उभी आहे ती जमीन रिकामी नाही! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे उडवलं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये परत उचलून धरलं. लालबाग-परळला किती बागा झाल्या आणि किती टॉवर, ते मान वर करून मोजा.

तेव्हा आधी विचारा, तो अडीच एकर ओढा धरून आहे की ओढा सोडून?

जर्सीकर

@दादरकर, बाप रे. हे सुचलंच नव्हतं. नकाशा काढून बघतो.

पर्वतीपायथा

आमच्या सोसायटीच्या मंजूर नकाशात १० टक्के मोकळी जागा दाखवली होती. ताबा घेतल्यावर कळलं, ती नाल्याला लागून, वर उच्चदाबाच्या तारा, आणि आकार समोशासारखा. बिल्डरचा माणूस म्हणाला, 'क्षेत्रफळ पूर्ण आहे की नाही?' आहे. मुलं तिथे फक्त बॉल आणायला जातात.

कलमबहाद्दर

न्यूयॉर्कात जमिनीच्या कागदपत्रांत दिवस जातो, म्हणून थोडं इस्कटून सांगते. हा कायदेशीर सल्ला नाही, गावातला वकील गाठा.

अशा बागेला बहुधा एकापेक्षा जास्त कुलपं असतात. पहिलं बक्षीसपत्राचं. दगड विसरा, नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ कागदाची नक्कल काढा. त्यात नुसतं 'बागेसाठी' लिहिलंय, की 'तसं न झाल्यास जमीन माझ्या वारसांकडे परत' असंही आहे? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात वारस उभे राहिले तर गावाच्या हातून बागही जाते आणि केंद्रही. नुसतीच अट असेल तर सैल करायला साधारणपणे कोर्टात जावं लागतं, परस्पर ठराव करून भागत नाही.

दुसरं कुलूप सरकारी पैशाचं. न्यू जर्सीत १९६१ पासून ग्रीन एकर्स योजना आहे. गावाने तिचे पैसे एकदा घेतले की ज्या बागेवर ते खर्च झाले तीच नव्हे, त्या वेळी गावाकडे बाग म्हणून असलेल्या सगळ्या जमिनी बांधल्या जातात. त्यांची यादी असते, ती मागा. तुमची बाग यादीत असेल तर पर्यावरण खातं आणि वर स्टेट हाऊस कमिशन, दोघांची मंजुरी लागते.

तिसरं केंद्र सरकारचं. १९६५ पासूनच्या जमीन व जलसंवर्धन निधीतून कधी काळी झोपाळ्याला जरी पैसे आले असतील, तर बदली जागा किमान तेवढ्याच बाजारभावाची, आणि उपयोगाला व ठिकाणाला साधारण तितकीच सोयीची असावी लागते. हे 'ठिकाणाला' लक्षात ठेवा. टाकीची जागा बहुतेक तिथेच अडेल.

बटाटेभात

झोपाळ्यामुळे केंद्र सरकार मध्ये पडतं? आमच्याकडे झोपाळा तुटला तर नगरसेवकही मध्ये पडत नाही.

रोखठोक

सगळे एकाच सुरात गाताय म्हणून थोडा बेसूर लावतो.

सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या बाईंनी आजच्या गावाने काय बांधावं हे का ठरवावं? तेव्हा गावात शेतं होती, आता घरं आहेत. आग लागली तर मेपलची सावली विझवायला येणार नाही. गाव तरी जबरदस्ती करतंय का? बदल्यात जास्त जमीन देतंय, सुनावणी घेतंय. आपल्याकडे असतं तर सकाळी उठून पत्रेच दिसले असते.

आणि बक्षीसपत्रातल्या अटी फार पवित्र मानू नका. अमेरिकेतल्या मेकन गावची गोष्ट शोधा. ऑगस्टस बेकन नावाच्या सिनेटरने १९११ च्या मृत्युपत्रात गावाला बाग दिली, अट अशी की ती फक्त गोऱ्यांसाठी. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सार्वजनिक बाग अशी चालवता येणार नाही. मग १९७० मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं की अट पाळता येत नसेल तर जमीन वारसांकडे परत जाऊ शकते. गेली. बागेच्या जागी दुकानं आली. काळ्यांना बाग मिळू नये म्हणून घातलेल्या अटीमुळे शेवटी कुणालाच मिळाली नाही.

कलमबहाद्दर

@रोखठोक, मेकनचा दाखला चोख. वाईट अट मोडायलाच हवी. पण इथली अट काय आहे? 'सगळ्यांसाठी खुली ठेवा.' ती मोडण्याला मेकनची ढाल कशी चालेल?

रोखठोक

ढाल नाही हो, एवढंच की 'लिहिलंय म्हणून' हा मुद्दा पुरेसा नाही. लोकांना आज काय हवंय ते महत्त्वाचं.

सातबारा

तुमचं अमेरिकेचं मला काही कळत नाही, पण जमिनीच्या अदलाबदलीवर बोलायचा हक्क आमच्या घराण्याला आहे.

१९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं. हेतू चांगला, पाच ठिकाणी पाच तुकडे असण्यापेक्षा एका जागी एक गट. आमच्याकडे योजना लागली तेव्हा आजोबांची विहिरीकाठची काळी जमीन दुसऱ्याच्या गटात गेली आणि बदल्यात माळाला मुरमाड मिळाली. आणेवारी लावून हिशेब जुळवलेला, क्षेत्र तर दीडपट. कागदावर आम्ही श्रीमंत झालो. आजोबा शेवटपर्यंत त्या विहिरीवर पाणी प्यायला जायचे. नवा मालक बिचारा भला, काही बोलायचा नाही. पण आजोबा माघारी येताना घराकडच्या वाटेने येत नसत, माळावरून वळसा घालून येत.

राज्यभर किती ठिकाणी कागद एकाच्या नावावर नि वहिवाट दुसऱ्याची असं राहिलं, याची मोजदाद नाही. २०२३ मध्ये सरकारने सलोखा योजना काढली, बारा वर्षं एकमेकांची जमीन कसणाऱ्यांनी हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणीत अदलाबदल करून घ्यावी. सत्तर वर्षांनी कागद वहिवाटीकडे आला.

भाऊ, क्षेत्र बघू नका. पाणी कुठे आहे ते बघा.

रानजाई

@सातबारा, वळसा घालून येणारे आजोबा डोळ्यांसमोरून जाईनात.

वडपिंपळ

सातबारांना दंडवत. आमच्याकडे गायरानाचीही हीच कथा. निदान २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर गावची सामायिक जमीन बळकावून 'नियमित करून द्या' म्हणणाऱ्यांना कोर्टात तरी चाप बसला. गावात बसला का, हे विचारू नका.

ग्रँडकॉन्कोर्स

मी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये नोकरी करतो, बेसबॉलच्या यँकी स्टेडियमपासून जवळ. हा विषय आमच्या दारातला.

जुन्या स्टेडियमसमोर, रस्त्यापलीकडे, मॅकोम्ब्स डॅम पार्क होतं. धावण्याची पट्टी, बेसबॉलची मैदानं, मोठी झाडं. त्याला लागून जॉन मुलाली पार्क. २००५ च्या जूनमध्ये राज्याच्या विधिमंडळाने ही जमीन नव्या स्टेडियमसाठी देण्याला मंजुरी दिली, अक्षरशः काही दिवसांत. आजूबाजूच्या लोकांना नंतर कळलं. २००६ मध्ये झाडं पडली, चारेकशे. स्टेडियम २००९ च्या एप्रिलमध्ये अगदी वेळेवर उघडलं.

बदल्यातल्या बागा? त्या तुकड्यातुकड्यांत. एक नदीकाठी, मिल पाँड पार्क. चांगली आहे, टेनिस कोर्टं झकास. पण तिथे जायला महामार्गाखालून जावं लागतं. धावपट्टी परत मिळाली ती गाड्यांच्या तळाच्या छपरावर. आणि मुख्य मैदानं जुनं स्टेडियम पाडून त्या जागेवर व्हायची होती, ती खुली झाली २०१२ मध्ये. मधल्या काळात एक तात्पुरतं मैदान होतं, पण २००६ साली जो पोरगा दहा वर्षांचा होता तो सोळाचा झाला. त्याच्या वाट्याला बाग आली का? सरकारच्या तक्त्यात आली.

खर्चही मूळ अंदाजाच्या दुप्पट होऊन सुमारे १९.५ कोटी डॉलरवर गेला.

आता खरं सांगतो. नवं मैदान सुंदर आहे, मी स्वतः संध्याकाळी तिथे चकरा मारतो. जुन्यापेक्षा निगा बरी. म्हणजे शेवटी मिळालं का, तर मिळालं. पण आधी घेतलं आणि मग दिलं. जर्सीकर, तीन मिनिटांतली अडीच यावर घालवा. आधी नवी बाग चालू करा, तिथे पोरं खेळू देत, मगच जुन्या बागेत पहिली कुदळ.

अवांतर : तो मुलाली म्हणजे १८८० च्या दशकात ब्राँक्समध्ये चारेक हजार एकर बागा राखून ठेवायला लावणाऱ्या चळवळीचा म्होरक्या. त्याच्याच नावाच्या बागेचा लचका तोडला. पुढे त्याचं वंशद्वेषी लिखाण लोकांसमोर आलं आणि २०२२ मध्ये बागेचं नावही बदललं. बिचारा म्हणावं की नाही, तेही कळत नाही.

बटाटेभात

अनुमोदन. पॉपकॉर्न बाजूला ठेवलंय.

मिशिगनकाठ

शिकागोतून हजर.

१८३६ मध्ये इथे कालव्यासाठी पैसा उभा करायला प्लॉट विकायचे होते, तेव्हा नकाशावर तळ्याकाठच्या पट्ट्यावर लिहिलं गेलं : सार्वजनिक जागा, कायम मोकळी, इमारत किंवा कसलाही अडथळा नाही. पन्नास वर्षांनी तिथे उकिरडा आणि रेल्वेच्या शेड. समोर माँटगोमेरी वॉर्डचं ऑफिस. हा टपालाने वस्तू विकणारा व्यापारी, आजच्या ऑनलाइन दुकानांचा पणजोबा समजा. १८९० मध्ये कोर्टात गेला आणि वीस वर्षं भांडला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चार वेळा जिंकला. सगळं शहर त्याच्या विरोधात, कारण तिथे फील्ड म्युझियम यायचं होतं. 'गरिबांचं म्युझियम अडवणारा श्रीमंत' म्हणून पेपरांनी झोडपला. म्युझियम शेवटी दक्षिणेला, भराव घालून केलेल्या जमिनीवर गेलं. आज ग्रँट पार्क आहे ते या हट्टी माणसामुळे.

आणि शहरही काही कमी नाही. २००४ च्या मिलेनियम पार्कमधला तो प्रचंड चकचकीत रंगमंच उंचीच्या बंधनात बसेना, तर त्याची नोंदच कलाकृती म्हणून केली. इमारत नाहीच मुळी, शिल्प आहे!

दादरकर

वा! 'अनधिकृत मजला नाही साहेब, शिल्प आहे' हे आमच्या वॉर्डात कुणाला सुचलं नाही म्हणजे कमालच.

मिशिगनकाठ

पुढे ओबामा सेंटर. जॅक्सन पार्क, म्हणजे जिथे १८९३ चं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यातली एकोणीस एकरांवर जागा ९९ वर्षांसाठी, १० डॉलरमध्ये. या पार्कला पूर्वी केंद्र सरकारचा शहरी उद्यान निधी मिळालेला, म्हणून बदली जागा देणं भाग पडलं. दिली कुठली? मिडवे प्लेझन्सचं पूर्वेचं टोक. ते आधीपासूनच पार्क आहे! हिरव्याच्या बदल्यात हिरवंच, फक्त खेळायची सोय वाढवायची. खटले झाले, २०२० मध्ये अपील कोर्टातही विरोधक हरले. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश एमी कोनी बॅरेट, त्याच पुढे काही आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयावर गेल्या.

जर्सीकर, ओढ्याकाठच्या जागेवर आज बांधकाम करता येतं का? पूररेषेत किंवा पाणथळीत असेल तर ती तशीही मोकळीच राहणार होती. मग गावाने नवीन दिलं काय?

चेंबूरचा

ओबामा सेंटरला नावं ठेवणाऱ्यांना त्या भागातली गरिबी दिसत नाही. दक्षिण शिकागोत एवढी गुंतवणूक कधी आली होती? यात पर्यावरण कमी आणि राजकारण जास्त.

मिशिगनकाठ

@चेंबूरचा, मी नावं ठेवली नाहीत, बदली जागेबद्दल बोलले. केंद्र व्हावं असंच मला वाटत होतं. पलीकडेच मोकळी खासगी जमीन होती, तीही चालली असती.

चेंबूरचा

'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासचं म्युझियमही असंच तळ्याकाठी 'चाललं असतं'. बागवाल्यांनी खटला घातला, २०१६ मध्ये तो कंटाळून निघाला आणि म्युझियम गेलं लॉस एंजेलिसला. तिथे काय उरलं? पार्किंगचा डांबरी तळ. डांबर वाचवलं, अभिनंदन.

मिशिगनकाठ

हा टोला मात्र बसला. मान्य.

वडपिंपळ

धागा भरकटतोय. रच्याकने, आपल्याकडचा १९९१ चा बंगलोरचा निकाल कुणीच कसा काढला नाही? आराखड्यात बागेसाठी राखलेला प्लॉट खासगी इस्पितळाला दिला होता. इस्पितळ म्हणजे काही दारूचं दुकान नव्हे, लोकोपयोगीच. सर्वोच्च न्यायालयाने तरीही वाटप रद्दच ठरवलं. बाग ही चैन नाही, एका सोयीसाठी दुसरी परस्पर काढून घेता येत नाही, असा त्याचा सूर. रोखठोक यांच्या बंबाला हे उत्तर होऊ शकतं.

रोखठोक

बंब आणि खासगी इस्पितळ एक नाही. पण वाचतो.

थेम्सकाठी

लंडनहून दोन ओळी. श्रूझबरीत कौन्सिलने खेळाच्या मैदानाचा तुकडा बिल्डरला विकला. आधी सलग दोन आठवडे वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असते, ती दिली नव्हती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जमीन विकली गेली तरी लोकांचा हक्क तिच्यावर तसाच आहे. बिल्डरची परवानगी रद्द. एक जाहिरात चुकली की काय होतं बघा. तुमच्याकडच्या नोटिसांच्या तारखा तपासा.

जर्सीकर

सगळ्यांचे आभार. आठवडाभर तुमच्या सल्ल्याने हिंडतोय. जमवलेलं सांगतो.

बक्षीसपत्राची नक्कल मिळाली. वारसांकडे परत जाण्याचं कलम नाही, नुसती कायम बागेची अट आहे. ग्रीन एकर्सच्या यादीत आमची बाग आहे. सातव्या ओळीत, नाव चुकीचं टाइप केलंय पण आहे. ओढ्याकाठच्या अडीच एकरांतला निम्म्याहून जास्त भाग पूररेषेत. दादरकर आणि मिशिगनकाठ, तुम्ही दोघं न बघता बरोबर बोललात.

आणि काल मी टाकीच्या जागेपर्यंत चालत जाऊन बघितलं. म्हणजे प्रयत्न केला. हायवेला सिग्नल आहे पण पलीकडे पदपथ नाही, गवतातून जावं लागतं. एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, गाडी बंद पडली का? या गावात पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बिघडलेला माणूस.

तेव्हा लक्षात आलं, पोटात काय ढवळलं होतं ते. आईबाबा दर वर्षी सहा महिने येतात. गाडी चालवत नाहीत. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. आई सकाळी साडेनऊला डबीत शेंगदाणे-गूळ घेऊन बागेत जाते. तिथे मधल्या बाकावर एक तेलुगू आजी, एक गुजराती जोडपं आणि एक चिनी आजोबा. भाषा कुणाची कुणाला धड येत नाही. चिनी आजोबांना गूळ आवडतो, ते आईला संत्री देतात. मागच्या वर्षी आई आजारी पडली तर आजोबा संत्र्यांची पिशवी दाराला अडकवून गेले. घर कसं सापडलं, देव जाणे. बाग हायवेपलीकडे गेली तर ही माणसं घरातच बसणार. त्या तक्त्यात हे कुठल्याच रकान्यात नाही.

रानजाई

तीन मिनिटांचं भाषण हेच. शेंगदाण्याच्या डबीसकट.

सातबारा

सापडली की विहीर.

कलमबहाद्दर

भाषण हे, पण खिशात चार कागद ठेवाच. एक, पूररेषेचा नकाशा. दोन, मूल्यांकनाबद्दल प्रश्न : जुन्या बागेची किंमत बागेची अट धरून काढली की अट नसल्याचं धरून? अट धरली तर भाव पडतो, आणि पडलेल्या भावाला 'समान' जागा शोधणं सोपं जातं. तीन, ग्रँडकॉन्कोर्स म्हणतात ते, आधी नवी बाग मग बांधकाम, आणि हे ठरावात लेखी. चार, सगळे विसरतात ते : नव्या जागांवर निदान जुन्याइतकी कडक अट नोंदवली जाणार का? नाहीतर वीस वर्षांनी तिथे वाचनालय बांधायचं निघेल आणि तुमच्या हातात दगडसुद्धा नसेल.

रोखठोक

बंगलोरचा निकाल वाचला. मत पूर्ण बदललं नाही, पण टाकीच्या जागेला माझाही विरोध. गावाला एक विचारा, केंद्रच टाकीच्या जागेवर का नको? हायवेला लागून आहे, बंबाला आणखी काय हवं?

बटाटेभात

सव्वीस प्रतिसाद झाल्यावर पहिला उपयोगी प्रश्न, आणि तो रोखठोक यांच्याकडून! दिवे घ्या.

जर्सीकर

काल सुनावणी झाली. वृत्तांत देतो.

शाळेच्या हॉलमध्ये दीडेकशे माणसं. बंबवाले गणवेशात पहिल्या रांगेत. सुरुवातीला त्यांच्या प्रमुखांनी जुन्या केंद्राचे फोटो दाखवले आणि खरं सांगतो, मीही टाळी वाजवली. माझा नंबर एकोणिसावा. आईला नेलं होतं. आईचं मी सांगितलं, पूररेषेचा नकाशा दिला आणि रोखठोक यांचा प्रश्न विचारला. मंचावर जरा कुजबुज झाली. सल्लागार म्हणाले, टाकीच्या जागेचा विचार 'प्राथमिक टप्प्यावर' केला होता, पण तिथून गावाच्या उत्तर भागात पोचायला जास्त वेळ लागतो. किती जास्त? आकडा त्यांच्याजवळ नव्हता. तेवढ्यात बंबवाल्यांपैकी एक जण बसल्या जागेवरून म्हणाला, 'तो आम्हालाही हवाय.' हॉल हसला.

निर्णय झाला नाही. प्रतिसादाच्या वेळांचा तक्ता आणि दोन्ही मूल्यांकनं जाहीर करून पुन्हा सुनावणी, एवढं ठरलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका बाई बाग देण्याच्या बाजूने बोलल्या. त्यांच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा गाडी वेळेवर पोचली नव्हती. बाहेर पडताना आईने त्यांचा हात धरला. काय बोलल्या दोघी, मला ऐकू आलं नाही.

ग्रँडकॉन्कोर्स

आमच्याकडे २००५ मध्ये असा आठवडाभराचा तरी थांबा मिळाला असता तर. पुढच्या सुनावणीलाही जा. दुसऱ्या वेळी हॉल अर्धा रिकामा असतो, त्यांना ते माहीत असतं.

पर्वतीपायथा

दगडाचं काय ठरलं? तो कुठे जाणार?

जर्सीकर

तेही विचारलं एकाने. अधिकारी म्हणाले, दगड जपून उचलून टाकीजवळच्या नव्या बागेत बसवू, खर्च धरलाय.

सातबारा

पण दगडावर 'ही जमीन' असं कोरलंय ना?

जर्सीकर

हो. आज सकाळी जाऊन परत वाचलं. फोटो काढून ठेवलाय.